बक्षीस कोणत्या वाघाला?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांमध्ये रंगपेट्या निघतात. फळ्यावर विषय लिहिलेला असतो : 'वाघ वाचवा, जंगल वाचवा'. दोन तासांत कागद भरतात, परीक्षक येतात, तीन बक्षिसं आणि दोन उत्तेजनार्थ. या स्पर्धांचा उपयोग काय, यावर या भागात सरळ दोन तट आहेत. ते मी इथे एका मामा-भाचीच्या तोंडी दिले आहेत. मामा ब्रह्मपुरीकडचे, वनपाल म्हणून निवृत्त झालेले. भाची चंद्रपूर शहरात कलाशिक्षिका, दरवर्षी कुठे ना कुठे परीक्षक. दोघं कल्पनेतली आहेत आणि त्यांच्या हातातली चित्रंही. भांडण मात्र खरं आहे.

मामा : पहिला नंबर कोणाला दिला?

भाची : याला. पृथ्वीचा गोल, गोलावर बसलेला वाघ, डोळ्यांतून थेंब. खाली 'मला जगू द्या'. रेघ स्वच्छ आहे, रंग बाहेर गेलेला नाही, अक्षर सुवाच्य.

मामा : आणि हे बाजूला काहून ठेवलं?

भाची : विषयाला धरून नाही म्हणून. बघा ना, वाघ कागदाच्या मानाने केवढा मोठा. पुढे बाई वाकलेली, तिच्या हातात पानांचं पुडकं. वाघाला डोळेच काढलेले नाहीत. 'वाघ वाचवा'मध्ये हे कसं बसवू?

मामा : पोरगा कुठला?

भाची : सिंदेवाहीकडचा.

मामा : मग बरोबर काढलं त्यानं. 10 मे 2025 ला त्याच तालुक्यात मेंढा-मालच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. तेंदूच्या हंगामात बाई पहाटे निघते आणि वाकून पानं तोडते. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं. आम्ही हे नोकरीत शिकलो. या पोरानं न शिकता काढलं, आणि तू म्हणतेस विषयाला धरून नाही.

भाची : मामा, मलाही पोटात कालवतं असं चित्र बघून. पण स्पर्धा संरक्षणाची आहे. संपत चाललेल्या प्राण्याबद्दल मुलांच्या मनात माया यावी, एवढाच हेतू असतो.

मामा : संपत चाललाय कुठे? 2018 च्या गणनेत राज्यात 312 वाघ होते, 2022 मध्ये 444 झाले. नुसत्या ताडोब्यात 97. आणि त्याच 2022 मध्ये आपल्या एका जिल्ह्यात वाघ-बिबट्यांनी पन्नासच्या वर माणसं मारली. पोराला शाळेत सांगता की वाघ उरला नाही. तो घरी येतो तर गोठ्यातलं वासरू गेलेलं. त्याला एवढंच कळतं की शाळेत एक वाघ असतो आणि वावरात दुसरा, आणि बक्षीस शाळेतल्या वाघाला मिळतं.

भाची : तुमच्या बांधावर गर्दी झाली म्हणून देशात वाघ पुरेसे झाले का? 2006 च्या गणनेत अख्ख्या देशात 1,411 उरले होते. आज 3,682 म्हणतात, पण कुठे खच्चून भरलेत आणि कुठे जंगल रिकामं पडलंय. म्हणून तर ताडोब्याच्या जमुना आणि झीनत या वाघिणी 2024 मध्ये ओडिशातल्या सिमिलीपालला नेल्या. झीनत तिथून निघून झारखंड ओलांडून बंगालमध्ये पोचली. वर्ष संपता संपता बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं. पुढे सह्याद्रीतही ताडोब्याची वाघीण सोडली. तिकडच्या मुलांना आपली वाघीण म्हणजे नवलाची पाहुणी. इकडची मुलं तिला वैरीण समजून मोठी झाली, तर उद्या वावराच्या तारेत करंट सोडणारे हात त्यांचेच असतील.

मामा : करंट रानडुकरासाठी सोडतात.

भाची : आणि मरतो वाघ. कधी शेजारचा शेतकरीही मरतो. तुम्ही स्वतः असे पंचनामे केलेत.

(मामांनी इथे उत्तर दिलं नसतं, असं मला वाटतं. चोरटी वीजतार हा या जिल्ह्यांतला असा विषय आहे की त्यावर खात्याचा माणूस आणि गावाचा माणूस दोघंही आवाज खाली आणतात.)

मामा : करंट सोडणारा काही चित्र काढायचं राहिलं म्हणून सोडत नाही. धानाची बांधी एका रात्रीत डुकरं उलटी करतात म्हणून सोडतो. वाघ वाचवायचा तर घरात गॅस दे, म्हणजे बाई सरपणाला जाणार नाही. गावाच्या कडेला दिवे लाव. घराशी संडास दे. नुकसानभरपाई वेळेवर दे. माणूस मेला तर 25 लाख देतात, ठीक आहे, पण मेल्यावर देतात. यात रंगपेटी कुठे बसते?

भाची : यातली एकही गोष्ट मी नाकारत नाही. पण दिवे लावून झाल्यावरही वाघ असणारच आहे ना गावाच्या कडेला? त्याच्याबरोबर राहायचं मन कुठून आणणार? ते काही ग्रामपंचायतीच्या निधीतून येत नाही.

मामा : तुझं ते मन रडक्या वाघानं तयार होते? वाघ रडते का कधी?

भाची : नाही होत. तो वाघ मुलांनी पोस्टरवरून उचललेला असतो, तेही मला दिसतं. गोल, अश्रू, करवत, कापलेला बुंधा. दर वर्षी तेच येतं, कारण आम्ही परीक्षक दर वर्षी त्यालाच नंबर देतो. मुलं हुशार असतात, मोठ्यांना काय हवं ते ओळखतात. आमच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत दोन वेगळे पेपर असतात, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र. स्मरणचित्रात पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा. संकल्पचित्रात आखीव आकृती, नक्षी, रंगसंगती. वन्यजीव सप्ताहात आम्ही मागतो स्मरणचित्र आणि नंबर देतो संकल्पचित्राला. एवढी चूक माझ्या पेशाची आहे.

मामा : हे बोललीस ते बरं बोललीस.

भाची : पण म्हणून स्पर्धाच बंद करा, हे मी मान्य करणार नाही. मागे ऊर्जानगरकडच्या मुलांची चित्रं तपासली. जवळजवळ प्रत्येक वाघाच्या मागे वीज केंद्राच्या चिमण्या. राज्यातल्या दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात मूल वाघामागे चिमणी काढेल? फेब्रुवारी 2022 मध्ये औष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघानं कामगाराला मारलं आणि लगेच शेजारच्या दुर्गापुरात बिबट्यानं सोळा वर्षांचा मुलगा नेला. कोळसा खाणींची माती, तिच्यावर माजलेली झुडपं, त्यात डुकरं, डुकरांमागे बिबट आणि वाघ. अहवाल लिहायला आपल्याला पानं लागतात. मुलांनी चार चिमण्या आणि एक शेपूट काढून तेच सांगितलं होतं.

मामा : त्यातलं कोणतं पहिलं आलं?

भाची : एकही नाही. चिमणीचा धूर काळा फासला होता, स्वच्छता गेली.

(हा आमच्याकडचा जुना रोग. कागद स्वच्छ हवा. धूर, चिखल, रक्त आणि रात्र या चार गोष्टी काढणारं मूल शाळेच्या स्पर्धेत सहसा हरतं, आणि जंगलातल्या गावात नेमक्या याच चार गोष्टी असतात.)

मामा : माझा खरा राग वेगळाच आहे. संकटातले प्राणी म्हणता आणि शंभरातली नव्वद पोरं वाघ काढतात. जो खरोखर गेला तो कोणाच्या कागदावर येतच नाही. गिधाड. आमच्या लहानपणी ढोरफोडीवर गिधाडांची दाटी असायची, झाडाची फांदी वाकायची त्यांच्या वजनानं. देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं शंभरातली नव्याण्णव संपली. कोणी मारली नाहीत, बंदुकीची गोळी लागली नाही. ढोराच्या दुखण्यावर दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोरात राहिलं, ते गिधाडानं खाल्लं, त्याची किडनी गेली. 2006 मध्ये ते औषध ढोरांसाठी बंद केलं, तोवर सगळं आटोपलं होतं. मग गडचिरोलीच्या जंगलात आमच्या खात्यानं गिधाडांची उपाहारगृहं चालवली. नाव ऐकून लोक हसायचे. औषध न दिलेलं मेलेलं ढोर कुंपणाच्या आत आणून टाकायचं, म्हणजे उरलेल्या पाखरांना बिनविषारी अन्न मिळेल.

भाची : मुलं गिधाड काढत नाहीत कारण त्यांनी ते पाहिलेलंच नाही. आणि पाहिलं असतं तरी काढलं असतं का? आपण त्याला भाषेत शिवी करून ठेवलंय. सिनेमात ते दिसलं की कोणीतरी मरणार हे ठरलेलं.

मामा : मग तुम्ही दाखवा ना. जानेवारी 2024 मध्ये पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून दहा गिधाडं ताडोब्यात बोटेझरीला आणली. सोडल्यावर त्यांतलं एक पार तमिळनाडूपर्यंत गेलं. पाठीवर यंत्र होतं म्हणून कळलं. पोरांना या गोष्टीचं चित्र काढायला सांग. हरियाणात अंड्यातून निघालेलं पाखरू चंद्रपुरातून उडून समुद्राकडे चाललंय, यापेक्षा मोठी गोष्ट तुला कोणता वाघ देणार?

भाची : हे मात्र मी घेते.

मामा : आणि रानम्हैस. सिरोंच्याच्या वरच्या अंगाला कोलामार्का आहे, छत्तीसगडच्या सीमेवर. 2013 मध्ये खास तिच्यासाठी 180 चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. महाराष्ट्रात रानम्हैस तेवढ्याच कोपऱ्यात उरली. मुंबई-पुणे सोड, गडचिरोली शहरातल्या पोरांना विचार रानम्हैस आपल्या जिल्ह्यात आहे का. माहीत नसते. शिंगं कशी असतात विचारलं तर घरच्या म्हशीची काढतील.

भाची : यात पोरांचा काय दोष? फलकावर वाघ, एसटी स्टँडवर वाघ, चौकात वाघाचा पुतळा, रिसॉर्टच्या नावात वाघ. जिप्सीतून येणारा पर्यटक वाघासाठी पैसे मोजतो, रानम्हशीसाठी मोजत नाही. मुलं बाजार बघून चित्र काढतात, कारण मोठी माणसं बाजार बघून विषय देतात. शेकरू तरी कुठे येतो चित्रात? राज्यप्राणी आहे, आलापल्लीच्या उंच सागांवरून उड्या मारतो, पण चित्रात साधी खार म्हणून येतो. तपकिरी खडूनं दोन मिनिटांत संपवतात.

मामा : आता कशी माझ्या बाजूनं बोललीस.

भाची : तुमच्या बाजूनं नाही, मुलांच्या. ज्यांना दाखवलं ती मुलं काढतात, याचा पुरावा गडचिरोलीतच आहे. कमलापूरचा हत्ती कॅम्प घ्या. राज्यातला एकमेव सरकारी हत्ती कॅम्प. तिथल्या मुलांनी हत्ती तळ्यात डुंबताना रोज पाहिलाय, म्हणून त्यांच्या हत्तीचा पाय खांबासारखा सरळ येत नाही, गुडघ्यात मोडतो. 2022 मध्ये तिथले हत्ती गुजरातेत जामनगरला न्यायचं ठरलं तेव्हा लोक विरोधात उभे राहिले, प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. 'हत्ती वाचवा' असं तिथे कोणी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं. हत्ती ओळखीचे होते.

मामा : आणि 2021 पासून ओडिशातून छत्तीसगडमार्गे जो रानहत्तींचा कळप आला, त्याचं काय? कोरची, कुरखेडा, धानोरा. रात्री धान खाल्लं, घराच्या भिंती पाडल्या, माणसं मेली. त्या गावातलं पोरगं हत्ती काढेल तर कसा काढेल?

भाची : मलाही तेच बघायचंय. एकाच जिल्ह्यात एका मुलाचा हत्ती तळ्यात आणि दुसऱ्याचा हत्ती मोडक्या घरावर. दोन्ही चित्रं एका भिंतीवर शेजारी लावली, तर हत्तीबद्दल दहा भाषणांत कळणार नाही तेवढं कळेल. पण तुम्ही म्हणता तसं फक्त भीतीचं चित्र खरं आणि मायेचं खोटं, असं मी कसं धरू? तळ्यातला हत्तीही त्या मुलानं पाहिलेलाच आहे.

मामा : माया करायला परवडली पाहिजे, पोरी.

भाची : हेमलकशाला काय परवडत होतं? 1973 च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती. माडिया माणूस शिकार करायचा ती भुकेपोटी. प्रकाश आमट्यांना शिकारी भेटले, मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं. त्यांनी ते मागून घेतलं आणि प्राण्यांचं अनाथालय तिथून सुरू झालं. पुढे लोक पिल्लं मारायच्याऐवजी आणून देऊ लागले. शेजारी आश्रमशाळा. आई-बाप ज्याची शिकार करायचे त्या प्राण्याला मुलं रोज जवळून बघत होती. भुकेल्या माणसाला माया परवडत नाही, हे तुमचं वाक्य भामरागडच्या जंगलात खोटं ठरलंय.

मामा : भाताची सोय झाली, दवाखाना झाला, म्हणून ठरलं. तू नेहमी अर्धी गोष्ट सांगते. आणि हेमलकशाचा बिबट्या पिंजऱ्यात होता. माझ्या गावचा बिबट्या संडासाच्या मागे असतो. पोरानं त्याच्यावर माया केली तर पोरगं जाईल. दहा वर्षांच्या लेकराला मी पहिल्यांदा भीती शिकवीन. संध्याकाळी एकटा जाऊ नको, वाकू नको, बोलत जा, काठी आपट. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, लोक पाच-पाच कोस पायी जायचे बघायला. आता टोळक्यानं, गाडीनं जातात. ही भीती वाईट नाही. तिनं माणूसही वाचतो आणि वाघही, कारण माणूस मेला नाही तर वाघाला पकडा म्हणून मोर्चा निघत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये देसाईगंजकडे जो वाघ पकडला, त्याच्या नावावर तीन जिल्ह्यांतली तेरा माणसं लागली होती. त्यातली अर्धी वाचली असती, तर तोही आज जंगलात असता.

भाची : मग ताडोब्याच्या देवाचं काय करायचं? तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना मेला, म्हणून तळ्याकाठी त्याचं ठाणं झालं. पौषात आदिवासी तिथे जायचे, जत्रा भरायची. वाघानं मारलेल्या माणसाच्या नावानं जंगल ओळखलं गेलं आणि त्या जंगलात वाघही राहिला. वाघ संपवा असं कोणी म्हटलं नाही, आणि तारूला विसरा असंही नाही. माझ्या वर्गात हे चित्र अजून कोणी काढलेलं नाही, कारण मीच कधी ती गोष्ट सांगितली नाही. आम्ही 'प्राण्यांचे रक्षण' हा धडा शिकवतो आणि तळ्याकाठचा देव वगळतो.

मामा : तो देव वगळला नाही, त्याच्या लोकांना बाहेर हलवलं. पण ते जाऊ दे, तो वेगळा हिशोब आहे. हे खालचं चित्र कोणाचं?

भाची : कुठलं?

मामा : हे, नकाशासारखं. वाघ काढलेलाच नाही. बोडी आहे, तणशीचा ढीग आहे, शाळा आहे, आणि बोडीपासून शाळेच्या मागपर्यंत पावलं, पावलं, पावलं.

भाची : पाचवीतली मुलगी आहे. प्राणी नाही म्हणून पहिल्याच फेरीत बाद केलं.

मामा : बाद? अगं, हे मला नोकरीत असताना मिळालं असतं तर मी दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेरा लावला असता. ही वाट आहे बिबट्याची. पाण्यावर येतो, तणशीच्या आडोशानं शाळेमागे जातो. शाळेमागे काहून जातो? खिचडीचं खरकटं, त्यावर कुत्री, कुत्र्यांवर बिबट. हे चित्र वनपरिक्षेत्र कार्यालयात गेलं पाहिजे.

भाची : जाऊ दे, पण मला भीती वाटते. उद्या तुम्ही प्रत्येक मुलाला नकाशे काढायला लावाल. आज पोस्टर मागतो, उद्या पंचनामा मागू. तिनं पावलं एका रांगेत किती सुंदर काढलीत, प्रत्येक पाऊल वेगळ्या रंगाचं, ते तुम्ही बघितलंच नाही.

मामा : बघितलं. पण आधी शाळेमागचं खरकटं उचला, मग रंग बघू.

या दोघांचं एवढ्यावर मिटेल असं मला वाटत नाही, आणि मिटावं असंही नाही. माझा कौल विचाराल तर भाचीकडे झुकतो, पण भाचीनं लावलेल्या क्रमांकांकडे नाही. मुलांना भीती शिकवायला या जिल्ह्यांत शाळेची गरज नाही, ती घरी मिळते. पाहिलेलं कागदावर ठेवण्याची जागा मात्र शाळेखेरीज कुठे नाही. ती जागा आपण घोषणांनी भरून टाकतो, म्हणून मामांचा राग खरा.

चित्रांचं पुढे काय होतं, हा प्रश्न दोघांनीही काढला नाही. तीन चित्रांचे फोटो निघतात, बाकीचा गठ्ठा कपाटात जातो आणि पुढच्या वर्षी रद्दीत. आता जरा तारखा बघा. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि वन्यजीव सप्ताह त्याच आठवड्यात येतो. गडचिरोलीत ग्रामसभा म्हणजे नुसती सहीची वही नाही. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि आज अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. पानं तोडायला किती वाजता निघायचं, टोळी कितीची, ढोरं कोणत्या अंगाला चारायची नाहीत, दिवा कुठे हवा, हे ठरवण्याची ताकद त्या सभेत आहे. तेव्हा शिक्षकांना, केंद्रप्रमुखांना आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना विनंती आहे : या वर्षी सप्ताहाचा विषय 'आमच्या गावात आलेलं जनावर' असा द्या, स्पर्धा सभेच्या आधी घ्या आणि सगळी चित्रं, डोळे नसलेल्या वाघासकट, क्रमांक न लावता ग्रामसभेच्या भिंतीवर लावा.